पाचशे अडतीस

गुणवंत लक्षणेच्या दुकानात टीव्हीवर अमेरिका,
अर्धी लाल, अर्धी निळी.
माझी अर्धी दाढी साबणात.

"लोकं थेट नाही निवडत," मी सांगितलं,
"आधी पाचशे अडतीस माणसं,
मग ती माणसं अध्यक्ष निवडतात."

गुणवंतनं वस्तरा थांबवला.
"म्हंजे आपल्या जुन्या सरपंचावानी?"
"तसंच."
"मंग निवडून आल्यावर, मत टाकेपर्यंत
त्यायले ठेवतेत कुठं?"

त्याचा बाप तेव्हा मेंबर होता.
सुमोत कोंबून नेलेला, अकरा दिवस चिखलदऱ्याला.
परतला तो पायात नवी चप्पल,
आणि घरात कोणाशी बोलला नाही.

"कुठंच नाही," मी म्हणालो. "आपापल्या घरी."

तो हसला नाही.
पट्ट्यावर वस्तरा दोनदा घासला.
"पाचशे अडतीस," म्हणाला,
"अन् एकाच्याही पायात नवी चप्पल नाही?"