च्च

आई सांगते, मी बोलायच्या आधी
च्च करायला शिकले.
जीभ टाळूला चिकटवायची, सोडायची.
समोर भिंत असली की च्च कोरडं परत यायचं,
पडदा असला की ओलसर,
आणि दार उघडं असलं की
यायचंच नाही. तिकडे मी चालायचे.

लोकही मला पाहून तेच करायचे.
च्च. बिचारी.
बरीच वर्षं मला वाटायचं,
तेही मला चाचपतायत,
भरीव आहे की पोकळ.

आता मी पगारावर ऐकते.
ऐरोलीच्या पुलाखाली, हसुरामच्या होडीतून
शर्वाणी गद्रे दोरीला बांधून
खाडीत एक कान सोडते
आणि आठवड्याभराचं पाणी
एका डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवते.

वर गाळ आहे, तिवरं आहेत, म्हणे.
आत झिंगे बोटं मोडतात, रात्रंदिवस,
कढईत मोहरी तडतडावी तसे.
मग ट्रक. खांबांतून पाण्यात उतरलेले ट्रक.
मग नव्या पुलाचा घण.
तो सुरू झाला की मी हेडफोन काढून गळ्यात घेते.
पाण्यातल्यांना ती सोय नाही.

गादे क्वचित येतात.
त्यांचं च्च माणसाच्या कानाच्या फार वरून जातं.
सोळा पट संथ केलं की माझ्या पट्टीत उतरतं:
टक्. टक्. टक्, टक्,
टक्टक्टक्
बोय जवळ येईल तसतशी घाई,
शेवटी नुसती फरफर, धोतर फाटल्यासारखी.
मग काहीच नाही.
म्हणजे जेवण झालं, किंवा हुकलं.
ते काही ऐकू येत नाही.

शर्वाणी म्हणाली, ते खालच्या जबड्यातून ऐकतात.
त्या रात्री मी ओट्यावर हनुवटी टेकून बसले.
फ्रिज, वरच्या मजल्यावरचा मिक्सर,
नळाच्या आत कुठेतरी अडलेली हवा.
आई म्हणाली, डोकं दुखतंय का गं?

एकदा मलाही नेलं होडीतून.
भांगाचे दिवस, पाणी आळसावलेलं.
"तुला दिसत नाय, मग आलीस कशाला?"
हसुरामने सरळ विचारलं. च्च केलं नाही.
मला बरं वाटलं.
"आमच्या आज्यानं बगितलेले गादे.
मी आवाजच आयकतो, फूऽस करून. तोही वरसातून दोनदा."
मग आम्ही तिघांनी तांदळाची भाकरी
आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली.
उगाच चाळा म्हणून मी होडीच्या फळीवर
बोटाच्या पेराने तीनदा ठोकलं.

ते सगळं डबीत आहे. अकरा बेचाळीस.
माझे तीन ठोके, जाड, लाकडी.
भाकरी मोडल्याचं अर्थातच नाही.
आणि अकरा तेहेतीसपासूनच, आम्ही जेवत असताना,
टक्. टक्.
लांबून. मग नेमके, मग थेट
दोरीच्या कानावर रोखलेले,
होडीच्या बुडावर, हसुरामच्या वल्ह्यावर,
कदाचित फळीपलीकडच्या माझ्या मांडीवर.
ठोक्यांनंतर चार सेकंद थांबले.
मग पुन्हा पाच.

शर्वाणीने वहीत लिहिलं: योगायोग असू शकतो.
असू शकतो. मीच तिला म्हटलं, लिही.
पण नऊ मिनिटं कुणीतरी मला बघत होतं
आणि मी चटणीत मीठ कमी आहे
याबद्दल बोलत होते.

परवा लिफ्ट बंद होती. जिन्यात
बोरगावकर काकूंनी वाट दिली आणि
सवयीने म्हणाल्या, च्च.
चांगलं टणक, स्वच्छ च्च होतं.
डाव्या हाताला कुणीतरी सायकल ठेवली होती,
हँडल माझ्या कमरेच्या उंचीवर.
मी काकूंना थँक्यू म्हटलं
आणि वळून वर गेले.