बसून काम

संध्याकाळी सहाला शिट्टी झाली आणि मी वही उघडली.
आगारातलीच वही, लाल कापडी पुठ्ठ्याची,
रकाने आधीच छापलेले :
गाडी क्रमांक. आगमन. निर्गमन. शेरा.
गाडी क्रमांकाखाली लिहिलं, एक्केचाळीस.
शेवंता ऐवळे, वाहक, विटा आगार.

सांगलीच्या कॉलेजचं मैदान, फेरी चारशे मीटरची,
चुन्याची रेघ, बांबूंना बांधलेले बल्ब.
बारा तास गोल फिरायचं, धावत, चालत, कसंही.
फेरीमागे कुणी दोन रुपये बोललेलं, कुणी पाच,
भिवघाटच्या चहावाल्यानं आठ आणे.
"आठ आणे चालत नाहीत आता," मी म्हटलं.
"दोन-दोन फेऱ्या मारते की मग."

माईकवर डॉक्टर खरं तेच बोलले :
या पैशानं आज इथलं कुणी बरं होणार नाही.
काचपट्ट्या येतील, रंगाच्या बाटल्या येतील,
कुणी मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वर्षानुवर्षं बसेल
आणि बहुतेक वेळा तिला काही सापडणार नाही.
मंडप जरा गप्प झाला.
शेवंताबाई नाडी आवळत होती. म्हणाली,
"म्हंजे म्होरल्या थांब्यावरच्याचं तिकीट
आत्ताच फाडून ठेवायचं. एवढंच की."

रात्री दहा. बावन्न.
उभ्या चार रेघा, पाचवी आडवी.

मला सांगायचंय ते तीन वर्षांपूर्वीचं.
मिरजेहून टाके घेऊन ती कामावर आली,
डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता.
वाहकाचा हात. दांडी धरायचा, घंटीची दोरी ओढायचा.
अर्ज दिला : काही महिने बसून काम मिळावे, ही विनंती.
मी शेरा मारला : जागा रिक्त नाही.
खोटं नव्हतं ते.
त्या जागेवर मी बसलो होतो.

मग ती विटा–जत गाडीवर गेली, उभी,
घाटातल्या प्रत्येक वळणावर पाठ टेकवायला खांब शोधत.
मी रोज तिचं आगमन लिहिलं,
निर्गमन लिहिलं, मिनिटासकट.

साडेतीनला ती टेबलापाशी थांबली.
सत्त्याण्णव.
"सायेब, सुई हाय का?"
सुई कुठली असणार. "स्टेपलर आहे."
अशी हसली की शेजारचा पाणीवाला जागा झाला.
"आना. न्हाई त्यापेक्षा बरं."
पाठ फिरवून उभी राहिली. चार वेळा टक, टक, टक, टक.

डाव्या बाजूला राळ्याची पिशवी असते तिच्या,
स्वतः शिवलेली, हे मला त्या रात्री कळलं.
दुकानातली महाग, आणि उन्हात घामेजते म्हणे.
राळं गार राहतं, अंगासारखं हलतं.
टाका उसवला होता.
पिना काही नीट बसल्या नाहीत.
पुढच्या सगळ्या फेऱ्यांत
चुन्याच्या रेघेशेजारी दुसरी एक रेघ पडत गेली,
बारीक, पिवळट,
बल्बखाली दिसायची, पुढे अंधारात जायची.

मी कधी उभा राहिलो आठवत नाही.
वही हातात धरूनच लिहीत होतो.
अक्षर वाकडं आलंय तिथून पुढे.

सहाची शिट्टी झाली. एकशे अठरा.
पलीकडच्या वळणावर चिमण्या उतरल्या होत्या,
मन लावून टिपत होत्या, माणसांना न भिता.
मी खुर्ची पुढे सरकवली. बसा म्हटलं.
"आता बसले तर उठायची न्हाई," ती म्हणाली
आणि खुर्चीच्या पाठीला धरून वाकून श्वास घेत राहिली.
पलीकडून मी धरली होती, हलू नये म्हणून.

"चहावाल्याचं किती झालं?"
"एकोणसाठ रुपये."
"सुट्टे आणा म्हनावं," शेवंताबाई म्हणाली,
"माझ्याकडं एक रुपाया परत द्याया न्हाई."

शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.