मार्केट

गावाचं नाव मार्केट.
स्पेलिंग फ्रेंच आहे, उच्चार आपल्या बाजाराचाच.
आई फोनवर हसते, म्हणते,
बाजारातच राहतेस, मग मेथी एवढी महाग कशी?

मी सरकारी वकिलांच्या कचेरीत आहे.
ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या शेजारी बसायचं,
कायद्याचं सोपं करून सांगायचं,
टिश्यूचा खोका जवळ ठेवायचा,
पण पुढे सरकवायचा नाही.
सरकवला की लोकांना वाटतं, आता रडणं पुरे.

त्या दिवशी शेजारी इर्मा काँगस.
तिची जोलीन, वय एकोणीस, चौदा महिने नाही.
वकील म्हणाले, डिकीत रक्त आहे,
फोनचे टॉवर आहेत, चारदा खोटं बोललाय तो.
पण प्रेत नाही.
बारातल्या एकाला जरी वाटलं
की पोरगी कुठेतरी वेट्रेस असेल, मजेत असेल,
तर संपलं.
तो जागा सांगायला तयार आहे.
जन्मठेपेऐवजी बावीस वर्षं.

इंग्रजीत याला इस्त्री केलेलं नाव आहे.
माझ्या तोंडाशी येत होतं: घासाघीस. मांडवली.
इर्मा म्हणाली,
त्याने अठरा मागितली असती तर?
आणि तुम्ही तीस म्हणालात, तर तो गप्प बसेल?
वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

वेंगुर्ल्याला आमचा एक चुलत आजोबा
मचव्यासकट गेला.
बारा वर्षं थांबले, मग दर्भाचा माणूस केला,
गोत्र, नाव, सगळं म्हणून अग्नी दिला.
काकीआजी पुढे कधीतरी एवढंच म्हणाली,
गवत फार लवकर जळतं गं.
हे इर्माला सांगावं असं वाटलं.
नाही सांगितलं. तिला गवत नको होतं.

तिची सही लागत नाही.
तिला विचारतात फक्त,
विचारलं नाही असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून.
ती म्हणाली, द्या.

पिवळ्या कागदावर बॉलपेनने नकाशा काढलाय त्याने.
विजेचा खांब, ओढा,
बर्चची दोन झाडं, फांद्यांसकट.
शाळेत चित्रकला बरी असावी.

पण महिना जानेवारी,
आणि इथली माती मेपर्यंत उघडत नाही.

दर रविवारी ती जिथवर बर्फ काढलेला असेल तिथवर
गाडी नेऊन बसायची.
एकदा मीही गेले.
तिने फॉइलमध्ये दोन पेस्टी आणल्या होत्या,
एक मला दिली, सलगमाची, गरम.
मी सगळी खाल्ली.
चव छान होती, याची अजून लाज वाटते.

मेमध्ये बघतो तर बर्च नाहीत.
लाकूडवाल्या कंपनीने सगळा उतारच साफ केलेला.
नकाशा धरून तीन दिवस खणलं.
चौथ्या दिवशी कुत्री बसली.
ती भुंकत नाही.
सापडलं की बसायचं, एवढंच तिला शिकवलंय.

डॉक्टर फार हळू बोलत होते.
इर्माने मध्येच विचारलं,
माणसात हाडं किती असतात?
दोनशे सहा.
आणि ही?
एकशे अठ्ठ्याऐंशी. कोल्हे असतात, मिसेस काँगस, ओढा फुगतो.
ती बोटांवर काहीतरी करत राहिली,
मग माझ्याकडे वळली.
जी नाहीत, त्यांची वर्षं परत मागता येतात का?

मी सोपं करून सांगितलं.
नाही.

रात्री आईचा फोन.
काय गं, काय म्हणतोय बाजार?
मी म्हटलं, झोप आता.
तिच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते.