डावखुरी राणी

लडलोमध्ये, विनिफ्रेड प्रॉसरच्या दुकानात
तळाच्या खणात पडून आहे एक राणी,
डागाळलेल्या कागदावर, खंजीर उगारून.
डाव्या हातात.

नटी उजव्या हाताची होती.
कोरणाऱ्यानं तांब्यावरही उजवाच कोरला;
छापताना सगळं उलटतं
हे त्या रात्री विसरला. पोराला गोवर,
मेणबत्ती बोटभर उरलेली,
आणि नाटक बघायला तिकिटाचे पैसे कुठले?

पुढे गावोगावच्या नट्या
हेच चित्र आरशाच्या कडेला खोचून
डाव्या हातानं मारत राहिल्या राजाला.
टाळ्या पडत राहिल्या.

"चौकटीत मावेना," विनिफ्रेड सांगते,
"म्हणून खालची कड कापली कुणीतरी."

तिथंच नाव होतं त्याचं.
सुलटं.