फुकटचा सूर्य

डिसेंबरात इवालोला सूर्य उगवत नाही.
अकराच्या सुमारास आभाळ जरासं निळं होतं,
दोनला पुन्हा दौतीत बुडतं.
म्हणून रेइयोनं दोन हिवाळ्यांपूर्वी
कम्प्युटरच्या कोपऱ्यात एक सूर्य आणून बसवला,
हवामान सांगणारा, गालातल्या गालात हसणारा,
फुकट.

आउलिक्की फोनवर म्हणाली, "मशीन दमलंय.
एक पत्र उघडेपर्यंत
किटलीभर कॉफी गाळून होते."
बाहेर उणे सत्तावीस. मी बूट दारात काढले.
भिंतीला टेकून बर्फ भोसकायचं लांब गिरमिट,
पात्यावर मागच्या वर्षीचा गंज.

स्क्रीन उजळला आणि बाजार भरला.
कॅनरी बेटं, गुडघ्याचं मलम,
अभिनंदन, लॉटरी तुम्हालाच!
एक खिडकी मिटावी तर तिच्या पाठीमागून दोन.
वर पट्ट्यांवर पट्ट्या,
जखम कुठे ते न पाहता बांधल्यासारख्या.

"हे ओरडणारे," मी म्हणाले, "निदान दिसतात तरी.
फेरीवाले. माल विकायला आलेत.
घरभेद्या ओरडत नाही.
तो कळांच्या खाली बसून
तुमची बोटं ऐकतो,
बँकेचा परवलीचा शब्द अक्षर अक्षर वेचतो
आणि तुम्ही झोपलात की
कुणाच्या तरी ओंजळीत नेऊन ओततो."

"पण आत घेतलं कोणी त्याला?"

मी सूर्याकडे बोट केलं.
'पुढे', 'पुढे', 'पुढे' दाबत गेला असणार रेइयो.
तिसऱ्या पानाच्या तळाशी मुंगीएवढी अक्षरं,
आणि एक चौकोन,
बरोबरची खूण आधीच केलेला.
ओसरी मागितली होती एकानं,
पथाऱ्या पडल्या अकरांच्या.

ती हसली. "सूचना वाचायचाच नाही तो.
सौनाची शेगडी उलटी बसवली होती,
आणि वर मलाच विचारलं, धूर का होतोय."

मी इंटरनेटची वायर उपसली. तपासणी लावली.
आकडा चढत होता, पंखा घरघरत होता,
आणि तेवढ्यात कोपऱ्यातून एक मासा उडाला:
*रेइयो, बर्फ जाड झालाय!
नवं गिरमिट घेतलंत का?*

रेइयो मे महिन्यात गेला.

"रोज हाक मारतो त्याला," ती म्हणाली.
"पेन्शनवाल्यांनी नाव खोडलं, चर्चनं खोडलं,
पोस्टमन आता माझ्याच नावानं येतो.
हा एकटाच अजून—"
पुढचं तिनं कॉफीच्या कपात सोडलं.

ती दूध आणायला उठली तेव्हा
मला त्या घरभेद्याची वही सापडली.
साधी फाइल. तारीख, वेळ, टाइप केलेलं सगळं.
फेब्रुवारी, रात्रीचे तीन:
*डाव्या हाताला मुंग्या.*
*छातीवर वजन ठेवल्यासारखं.*
चार दिवसांनी:
*बायकोला कधी सांगावं.*
आणि लगेच खाली, गुडघ्याचं मलम, बायकांसाठी.

म्हणजे त्याला माहीत होतं.
तिच्या आधी, डॉक्टरच्याही आधी.
त्यानं त्यावर मलम विकलं.

आणि आता मलाही माहीत.
त्या खोलीत हेर दोन झाले.

मी फाइल पुसली. मग टोपलीतूनही पुसली.
सूर्य मावळवला, पट्ट्या सोडल्या,
दुरुस्त्या भरून घेतल्या,
तिच्यासाठी वेगळं खातं उघडलं,
ज्याला नवीन काही बसवायचा अधिकारच नाही.
"कुणी फुकट काही देऊ लागलं
की आधी मला फोन करा."
कॅमेऱ्याच्या डोळ्यावर तिनं स्वतःच
पायाला लावायची पट्टी चिकटवली,
जरा वाकडी.

"काय काय होतं गं आत?"
"हवामान," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं.
फार वेळ नाही.

मग नवा परवलीचा शब्द टाकायला बसली,
एका बोटानं, ओठ हलवत.
मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले,
बाहेर काहीच दिसत नव्हतं तरी.