लांबी

हातिमभाईने काचेच्या कपाटावर दोन पाइप ठेवले,
खाली कालचं गुजराती वर्तमानपत्र पसरून.
"बघा मेस्त. हा मक्याचा, नऊशे.
हा ब्रायर, सोळाशे. झाडाच्या मुळाची गाठ असते ही."
बाहेर अब्दुल रहमान स्ट्रीटवर हातगाडीवाला
वाट मागत होता, शिव्या घालत, न चिडता.

मक्याचा उचलला.
हातात आल्याचं कळलंसुद्धा नाही.
कणीसच ते: चौपाटीवर दाणे संपले की
लिंबू-तिखटाची बोटं चाटत
आपण जे वाळूत भिरकावतो.
ह्याचं पोट कोरलंय, नळी खोचलीय,
खळग्यांतून प्लास्टर दिसतंय, दिसू दिलंय.
"पहिल्या दिवसापासून गोड," हातिमभाई म्हणाले,
"लाड नकोत. वर्ष-दोन वर्षं चालतो,
मग बूड जळतं. मग दुसरा."

ब्रायर जड. तांबडा, चकचकीत,
रुखवतातल्या कपाटासारखा.
"ह्याला आधी शिकवावं लागतं.
पंधरा दिवस अर्धाच भरायचा,
आत काजळीचा थर धरेपर्यंत.
जीभ पोळेल. पण नंतर... तुमच्यामागेही राहील."
मी अंगठा फिरवत होतो.
अंगठा थांबला.

चाळीस वर्षं तो असाच थांबत आलाय.
सागाच्या फळीत निखळलेली गाठ, किडीचं भोक:
खडूची पूड, सरस, चिमूटभर गेरू,
मळायचं, दाबायचं, घासायचं,
वर लाखेचे सात हात.
गिऱ्हाईक म्हणायचं, वा, अखंड लाकूड!
मी म्हणायचो, होय साहेब.

"इथे लांबी भरलीय," मी म्हणालो.
"ही एक. ही बुडाशी. ही दांड्याजवळ, जरा बरी."
हातिमभाईने चष्मा कपाळावर चढवला.
"स्वस्तात एवढं चालायचंच, मेस्त."
मला सांगतोय.
त्या एवढ्यावरच मी दोन मुली उजवल्या.

पाइप कशाला हवाय, हे त्याने विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगणार?
की कुलाब्याला कॅप्टन मस्कारेन्हसच्या घरी
कपाटाचं दार उघडलं की आतल्या कोटांना
एक वास यायचा: मनुका, ओलं गवत, करपलेला गूळ.
स्पिरिटच्या वासालाही तो दबायचा नाही.
ते एक दार मी तीन दिवस घासलं.
कॅप्टनला वाटलं, काय चोख कारागीर.

बिडी बायकोने सोडवली होती.
ती गेल्यावर पुन्हा धरावी
असंही कधी वाटलं नाही, ती लबाडी झाली असती.
पाइपविषयी मात्र ती काही बोलली नव्हती.

अक्कल म्हणत होती, मक्याचा घे.
पंचाहत्तराव्या वर्षी कसलं शिकवणं आणि कसला थर.
उरलेल्या सातशेत तंबाखू येईल, गाडीभाडं सुटेल.
सगळं खरं.
"एका लांबीचे पन्नास कापा," मी म्हणालो.
चौदाशे पन्नास मोजले.
हातिमभाई हसले, आणि पिशवीत काड्यापेटी टाकली.

घोडपदेवला खोलीत आलो. दार लोटलं.
जुन्या बाटलीत बोटभर स्पिरिट होतं.
चिंधी भिजवली आणि पुसू लागलो.
तांबडा रंग चिंधीवर आला,
शेंदरासारखा नखांत बसला.
आयुष्यभर चढवलं, आज पहिल्यांदा उतरवत होतो,
हात उलटा फिरायला तयार नव्हता.

खाली लाकूड फिकट, साध्या चहाच्या रंगाचं.
एक पांढरा ठिपका. दोन. तीन.
आणि ओठाखाली, जिथे आग सगळ्यांत जवळ असते तिथे,
चौथा.
रेषेला रेष जुळवून बसवलेला.
माझ्या अंगठ्याला कळला नव्हता.

खिडकीत नेऊन बराच वेळ बघत बसलो.
कुठला कोण, कोणत्या देशातला,
त्यालाही कुणी दर नगामागे मोजत असेल.
आणि तरी ह्या एका भोकापाशी तो थांबला,
कुणी बघणार नाही म्हणूनच बहुतेक.

अर्धाच भरला.
काडी तीनदा विझली, चौथीला धरली.
वास कॅप्टनचा नव्हता,
रॉकेलच्या स्टोव्हजवळ गूळ ठेवल्यासारखा काहीतरी.
जीभ पोळली.

हातिमभाईकडे माझे अजून पन्नास निघतात.
मागणार नाही.