शंभरातले एकतीस

योएन्सूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
मेर्वी यादी उघडते.
दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या हृदयाच्या नळीत
जाळीची स्प्रिंग बसवली, किंवा पायाची शीर काढून
छातीत नवी वाट शिवली,
त्यांना ती एकेक करून फोन लावते.
बहुतेक वेळा बायका उचलतात, आणि आधी गप्प होतात.

"कीस्किनेन?"
"बोलतोय."
मेर्वी कागद बघते.
तेव्हा वय अडुसष्ट, मधुमेह,
मूत्रपिंडं थकलेली, डावी मुख्य धमनी
ऐंशी टक्के बुजलेली.
सगळं गणितात घातल्यावर निघालेला आकडा :
दहा वर्षं जगण्याची शक्यता, शंभरात एकतीस.

"एकतीस ना माझे?" म्हातारा विचारतो.
"शाळेतही तेवढेच पडायचे."

जिना चढताना धाप?
एका मजल्याला नाही.
छातीत दुखतं?
बर्फ उपसताना.
बर्फ तुम्ही उपसता?
मग काय कुत्रं उपसणार?

"शेजारच्या खाटेवर रेयो होता,
जंगलात ओंडके ओढायचा. त्याला अठ्ठ्याऐंशी.
मी तोंड पाडून बसलो तर म्हणाला,
तू काढशील रे दहा, लाव पैज,
कॉफीचा एक पुडा.
तर मी हरलो.
पुडा मे महिन्यातच आणून ठेवलाय.
त्याचा पत्ता द्या."

रेयो कालच्या यादीत होता.
तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, उतारावर ओंडका सुटला.
शवविच्छेदनाच्या कागदावर लिहिलंय : स्प्रिंग स्वच्छ,
नळी पूर्ण मोकळी.
गणित कारण विचारत नाही,
मरण कशानेही येवो, एकच धरतं.

"पत्ता देता येत नाही," मेर्वी म्हणते, "नियम आहे."
आणि नियमाला लागते त्याहून
थोडी जास्तच गप्प राहते.

पलीकडे कपाटाचं दार वाजतं.
"बरं," कीस्किनेन म्हणतो,
"मग फोडतो."

कात्री. नळ.
मेर्वी 'जिवंत'वर खूण करते,
फोन मात्र ठेवत नाही.
यादीत पुढचं नाव थांबलंय, चौसष्ट टक्के,
तळ्याकाठचं कुठलंसं गाव.
तिकडे भांड्यात पाणी कुरकुरायला लागतं.
"दोन चमचे की तीन?" तो विचारतो,
बहुधा तिला नाही.